पाच हजार चाळीस आणि एक

दीपा साळवेचा पाच हजार चाळीस या आकड्यावर एवढा जीव होता की तेवढा एखाद्या माणसावर असता, तर घरच्यांनी एव्हाना तिचं लग्न उरकून टाकलं असतं. वय सव्वीस, काष्टीच्या हायस्कुलात गणिताची शिक्षिका, आवाज खणखणीत. फळ्यावर हा आकडा लिहिला की तिच्या अंगात यायचं.

"एक गुणिले दोन गुणिले तीन, असं सातापर्यंत जा. किती आले? पाच हजार चाळीस! आता ते पुसा. सात, आठ, नऊ आणि दहा, एवढे चारच घ्या. त्यांचा गुणाकार? पुन्हा पाच हजार चाळीस!"

पोरं टाळ्या वाजवायची. गणितासाठी नाही, मॅडम खूश असल्या की गृहपाठ विसरतात म्हणून. दीपाला त्याचं काही नव्हतं. ती पुढं सांगतच राहायची. या आकड्याला एकापासून दहापर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य. बारा, चौदा, पंधरा, सोळा, कशालाही तो नाही म्हणत नाही. एकूण साठ भाजक आहेत त्याला, आणि त्याच्याहून लहान असलेल्या एकाही संख्येला इतके नाहीत. "असा सोशिक आकडा साऱ्या जगात सापडायचा नाही," असं ती म्हणायची, आणि म्हणता म्हणता त्या आकड्याखाली दोन रेघा ओढायची.

तेव्हा स्वातंत्र्याचं सुवर्णमहोत्सवी वर्ष चालू होतं. अठ्ठ्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला काष्टीच्या बाजारतळावर तालुक्यातल्या शाळांची एकत्र लेझीम करायची असं आबासाहेबांनी ठरवलं. आबासाहेब म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. ऊस भरपूर, मन मोठं, आणि रोज सकाळी दात घासता घासता एक नवी कल्पना. पुण्याच्या एका संस्थेकडून या लेझमीची विक्रम म्हणून नोंद करून घ्यायची, ही कल्पना त्यातलीच. "पोरं किती घ्यायची?" असं त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, तेव्हा बाकीचे मास्तर एकमेकांकडं बघत बसले आणि दीपा उभी राहिली.

"बेचाळीस शाळा, प्रत्येकी एकशेवीस. पाच हजार चाळीस. आणि रांगा तुम्हाला हव्या तशा करा, आबासाहेब. एक पोरगं उरणार नाही की कमी पडणार नाही."

आबासाहेबांना हे खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटेतच तिला गाठलं.

"मॅडम, आठ रांगा करू. अष्टविनायकाच्या."

"बसतंय. एका रांगेत सहाशे तीस."

तिसऱ्या दिवशी, "नऊ करू. नवरात्राच्या."

"बसतंय. पाचशे साठ."

चौथ्या दिवशी बारा ज्योतिर्लिंगं आली. दीपा म्हणाली, "बसतंय. एका रांगेत चारशे वीस."

"छे छे, चारशे वीस नको! तालुका हसंल मला."

शेवटी कवायतीच्या गोरक्षनाथ सरांनी बाजारतळ दोरीनं मोजला आणि सत्तर-सत्तर पोरांच्या बहात्तर रांगा मांडायचं ठरवलं. तेही बसलंच. दीपा घरी येऊन आनंदानं भाकरीऐवजी पाटच थापायला निघाली होती.

पण घरीच एक माणूस बसत नव्हता, तो म्हणजे तिचा आजा.

रंभाजी साळवे यांना आख्खा तालुका वस्ताद म्हणायचा. वय विचारलं तर ते "साठाच्या फुडं आन् शंभराच्या अलीकडं" एवढंच सांगायचे. तालुक्यात कुठंही लेझीम वाजली की ती त्यांनीच शिकवलेली असायची. तरणेपणी गावची तालीम लेझीम खेळायची तेव्हा रंभाजी हलगी वाजवायचे, पण रांगेच्या बाहेर, दहा हात लांब उभं राहून. त्यांच्या ठेक्यावर सगळे नाचायचे, आणि रांगेत मात्र त्यांना कुणी घेत नव्हतं. लांबून बघून बघून त्यांना एकूण एक पाऊल पाठ झालं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी हलगी कायमची खुंटीला टांगली. पुढं शाळांना लेझीम शिकवायला माणूस मिळेना, आणि मग त्याच गावांनी त्यांना हात जोडून बोलावलं. रंभाजी सायकलवर टांग मारून गावोगाव फिरले. गळ्यात शिट्टी, तोंड पोरांकडं. म्हणजे आधी रांगेत उभं राहू देत नव्हते म्हणून बाहेर, आणि नंतर वस्ताद झाले म्हणून बाहेर.

डिसेंबरातल्या एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "दीपे, ह्या बारीला मला रांगंत उभं ऱ्हायाचंय."

"काय?"

"शिट्टी न्हाई मारायची. पोरांवानी रांगंत खेळायचंय. येकदाच."

दीपाच्या तोंडून पटकन निघालं, "आजा, तसं नाही होत. पाच हजार चाळीसमध्ये एक जरी जास्त झाला तरी सगळं मोडतं."

रंभाजींनी बशीतला चहा संपवला. "मोडत आसंल तर ऱ्हाऊ दे," असं म्हणून ते सायकलची हवा बघायला गेले. दीपाला दिवसभर चैन पडलं नाही. लाडका आकडा आणि लाडका आजा यांच्यात तिनं आकड्याची बाजू घेतली होती, आणि ते तिला स्वतःलाच आवडलं नव्हतं.

आणि मग निमंत्रणपत्रिका छापून आल्या.

पाच हजार पत्रिका, गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. मधोमध ठळक छापलं होतं: 'भव्य लेझीम सोहळा, सहभाग ५०४१'. एसटी स्टँडपासून बाजारतळापर्यंत चार कापडी फलक लागले, त्यांवरही ५०४१. दीपा पत्रिका घेऊन धावतच आबासाहेबांच्या ओसरीवर गेली.

"आबासाहेब, छापखान्यानं घोटाळा केलाय! एक जास्त पडलाय!"

"घोटाळा कसला? म्याच वाढीवला." आबासाहेबांची छाती चांगली चार बोटं फुगली. "शुभकार्याचा आकडा शून्यावर सोडत्यात व्हय, मॅडम? आहेराच्या पाकिटावर रुपाया चिकटलेलाच असतो का न्हाई? एक्कावन्न, एकशे एक. तुमचं चाळीस बघितलं आन् मला कसं तरीच झालं. म्हनलं, वर एक टाका."

दीपा डोक्याला हात लावून मटकन खाली बसली. आणि बसल्या जागी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक जास्त! म्हणजे एक माणूस हवा!

"आबासाहेब," ती उठून उभी राहिली, "हा वरचा एक कोण, ते मी सांगू?"

तिनं सांगितलं. आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "वस्ताद! बास, ठरलं. त्यांच्या हाताखालनं मी बी गेलोय, मॅडम. माझ्या पोटऱ्यांवर त्यांच्या छडीचे वळ हुते."

दीपा घरी गेली ती नाचतच. रंभाजींनी बातमी ऐकली, सायकल काढली आणि श्रीगोंद्याहून निळा फेटा घेऊन आले. मग पेटीतली स्वतःची जुनी लेझीम काढून तिच्या चकत्या चिंच लावून घासत बसले. चार दिवस घरात दुसरा आवाज नव्हता.

पाचव्या दिवशी पुण्याहून माधुरी मॅडम आल्या. नोंद करणाऱ्या संस्थेच्या त्या परीक्षक. डोक्यावर मोठी टोपी, हातात नियमांची फाइल, आणि बोलणं फाइलीसारखंच, कडक आणि सरळ. त्यांनी तळ पाहिला, कडेची पाण्याची टाकी पाहिली आणि स्टाफरूममध्ये बसून नियम वाचून दाखवले.

"मोजणी मी टाकीवरून करणार. रांगा गुणिले एका रांगेतली माणसं. सगळ्या रांगा सारख्या हव्यात. एकही अपुरी चालणार नाही आणि एकही माणूस बाहेर उरलेला चालणार नाही. शिवाय जाहीर केलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा जुळला पाहिजे. पत्रिकेवर पाच हजार एक्केचाळीस आहेत. रांगा कशा करताय?"

सगळ्यांनी दीपाकडं पाहिलं. दीपानं खडू उचलला, आणि खडू हातात तसाच राहिला.

दोननं भागलं, बाकी एक. तीननं भागलं, बाकी एक. चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. प्रत्येक वेळी बाकी एक. उरणारच होता. पाच हजार चाळीसला ज्यानं ज्यानं भाग जातो, त्याला त्याला हा वरचा एक नडणार होता. ज्या साठ भाजकांचं कौतुक ती सांगत सुटायची, त्यांतला स्वतः एक सोडला तर बाकी एकोणसाठ उलटून अंगावर आले होते.

"मला मधल्या सुट्टीएवढा वेळ द्या," ती म्हणाली.

डबा न उघडता तिनं एका कोऱ्या उत्तरपत्रिकेवर गणित मांडलं. भाजक शोधायचा तर संख्येच्या वर्गमुळापर्यंतच शोधावा लागतो, पुढं जायचं कारण नसतं, हे ती दर वर्षी दहावीला शिकवायची. वर्गमूळ तर तिला तोंडपाठ होतं: सत्तर आणि वर थोडं, एकाहत्तरला जेमतेम कमी. तेव्हा सत्तरच्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की झालं. अकरानं भागलं, बाकी तीन. तेरानं, दहा. सतरानं, नऊ. पोरं बाहेर आरडाओरडा करत होती आणि ती भागतच होती. एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस. त्रेपन्न, एकोणसाठ, एकसष्ट. शेवटी राहिली सदुसष्ट. भागलं, बाकी सोळा. घंटा झाली.

"ही मूळ संख्या आहे," ती आत येऊन म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "हिला भाग जात नाही. पाच हजार एक्केचाळीस जणांची एकच लांबलचक रांग करा, नाहीतर एकाला काढा."

"एकच रांग केली तर पार भीमेच्या पुलावर जाईल," गोरक्षनाथ सर म्हणाले.

माधुरी मॅडम म्हणाल्या, "तर मग दुरुस्तीचं पत्र द्या. सहभाग पाच हजार चाळीस, अध्यक्षांची सही. मोजणी सुरू होण्यापूर्वी माझ्या हातात पडलं की झालं." आबासाहेबांनी तोंड कडू करून सही केली आणि पत्र दीपाकडं दिलं. आता राहिलं घरी सांगणं.

रंभाजी अंगणात फेटा बांधून बघत होते. दीपानं सगळं सांगितलं, भागाकारासकट. ते नीट ऐकून घेत होते.

"म्हंजे मी कशातच बसत न्हाई."

"तू नाही रे आजा. तो आकडा."

"त्येच की." त्यांनी फेटा सोडला, नीट घडी घातली. "भायेर तर भायेर. शिट्टी हायच गळ्यात." आणि तिची मान खाली गेली तसं त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "रडू नगं. गनिताच्या बाईनं बाकी उरली म्हनून रडायचं आसतंय व्हय?"

दीपा रडलीच. आयुष्यात पहिल्यांदा तिला गणिताचा राग आला.

सव्वीस जानेवारी उजाडली. सकाळच्या थंडीत बेचाळीस शाळांची पोरं ट्रकमधून, टेम्पोतून, बैलगाड्यांतून उतरली. सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी, हातात लेझीम. पाच हजार पोरांना हातात लेझीम देऊन गप्प उभं राहायला सांगून बघा म्हणजे त्या सकाळचा आवाज कळेल. दीपाला वाटलं, आपल्या दातांच्या फटीतसुद्धा चकत्या वाजतायत. गोरक्षनाथ सरांनी आदल्या दिवशी जमिनीवर फक्कीचे ठिपके मारून ठेवले होते, बहात्तर रांगा, रांगेत सत्तर ठिपके, एकेका पोरासाठी एकेक. रंभाजी स्टेजच्या खांबापाशी, नेहमीच्या जागी, म्हणजे बाहेर. पण फेटा त्यांनी बांधलाच होता, आणलाय तर बांधतो म्हणून. आणि घासलेली लेझीमही काखेत होती.

दीपा पत्र मुठीत धरून माधुरी मॅडमच्या मागोमाग टाकीचा जिना चढली. मॅडमच्या खांद्याला बॅटरीचा भोंगा लटकत होता. वर वारं होतं. खाली सगळा तळ ताटासारखा दिसत होता, आणि त्या ताटात पहिल्याच घासाला खडा लागला होता.

मांडववाल्यानं स्टेज वाढवलं होतं! पाहुणे वाढले म्हणून खुर्च्यांची एक ओळ वाढली, खुर्च्या वाढल्या म्हणून फळ्या वाढल्या, आणि त्या फळ्यांखाली पहिल्या रांगेचे सत्तरच्या सत्तर ठिपके गडप झाले होते. पहिल्या रांगेची सत्तर पोरं खुर्च्यांना नाकं लावून उभी होती. मागं सरकायला जागा नव्हती, तिथं बाजाराचा कट्टा होता.

गोरक्षनाथ सरांच्या तोंडचं पाणी पळालं. झेंडावंदनाला दहा मिनिटं. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि कवायतीच्या मास्तरला सुचेल तेच केलं.

"पहिली रांग, डावे वळ! कडेनं मागं चला! येकेका रांगेच्या डाव्या टोकाला येकेक जण! पळा!"

सत्तर पोरं पळाली. पहिला आता पुढं आलेल्या रांगेच्या टोकाला चिकटला, दुसरा तिच्या मागच्या. पांढऱ्या टोप्यांची एक नवी कड तळाच्या डाव्या बाजूनं वरून खाली शिवत गेल्यासारखी उतरत गेली. दीपा बघत होती. सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. पोरं संपली.

आणि एक जागा मोकळी राहिली.

अगदी मागच्या रांगेचं डावं टोक. बाकी सगळ्या रांगा भरलेल्या, तेवढ्या कोपऱ्यात माती दिसत होती, एका माणसाएवढी.

"अरेरे," माधुरी मॅडम म्हणाल्या. "शेवटची रांग एकानं कमी पडली. आता पाच हजार चाळीसही बसत नाहीत. पत्र आणलंय ना? त्याचाही उपयोग नाही आता."

दीपाला ते ऐकूच आलं नाही. ती बोटांवर मोजत होती. बहात्तर रांगांतली एक गेली. राहिल्या एकाहत्तर. सत्तरच्या रांगेत एकेक आला. झाले एकाहत्तर. एकाहत्तर रांगा, रांगेत एकाहत्तर. सत्तरचा वर्ग एकोणपन्नासशे. दोन बाजूंचे सत्तर आणि सत्तर, एकशे चाळीस. पाच हजार चाळीस झाले. आणि तो कोपरा. एक!

"एकाहत्तर एके एकाहत्तर..." ती पुटपुटली, आणि मग एवढ्यानं ओरडली की टाकीवरची कबुतरं उडाली. "एकाहत्तर गुणिले एकाहत्तर! वर्ग आहे! अहो, तो पूर्ण वर्ग आहे! मूळ संख्या कुठली, मी गाढव आहे!"

"काय झालं?" माधुरी मॅडमनी कठडा घट्ट धरला.

"मी वर्गमूळ पाच हजार चाळीसचं घेतलं! त्याच्याच नादात होते मी! ते एकाहत्तरला जरासं कमी पडतं, म्हणून मी सदुसष्टवर थांबले. पाच हजार एक्केचाळीसचं वर्गमूळ बरोब्बर एकाहत्तर आहे. पुढची मूळ संख्या एकाहत्तरच होती. एकच पाऊल पुढं टाकलं असतं तर!" ती हसत होती, नाक पुसत होती, आणि पत्राचे चार तुकडे करून तिनं ते वाऱ्यावर सोडले. "मॅडम, तुमच्या नियमांत वयाची अट आहे?"

माधुरी मॅडमनी फाइल उघडली. माणूस नियमाचा, घाई नाही. "वयाची अट नाही. हातात लेझीम हवी, एवढंच."

"तुमचा भोंगा द्या."

भोंगा तोंडाशी लावला आणि दीपाची नजर पुन्हा त्या मोकळ्या कोपऱ्याकडं गेली. कोपरा. म्हणजे पुन्हा कडेलाच. छे! बहात्तर रांगांच्या मांडणीला मध्य नव्हता, मधोमध नुसती फट होती. पण एकाहत्तर विषम आहे, पुढं पस्तीस, मागं पस्तीस, डावीकडं पस्तीस, उजवीकडं पस्तीस, आणि बरोब्बर मध्ये एक माणूस.

"पुढून छत्तिसावी रांग, हात वर!" तळावर एक पांढरी लाट उठली. "त्यात डावीकडून छत्तिसावं कोण? मोजा! बाकीच्यांनी हात खाली!"

खूप गलका झाला, दोनदा मोजणी चुकली, आणि शेवटी एका सातवीतल्या मुलीचा हात वर राहिला.

"तू पळत जा आणि मागच्या कोपऱ्यातली मोकळी जागा भर. शाब्बास! आता वस्ताद रंभाजी साळवे," इथं तिचा आवाज फाटला, पण भोंग्यानं तो फाटकाच सगळ्या काष्टीला ऐकवला, "आजा, रांगेत ये!"

रंभाजींनी आधी मागं वळून पाहिलं, दुसरा कुणी रंभाजी आहे का म्हणून. मग स्टेजवरून आबासाहेब ओरडले, "वस्ताद, तुमालाच! चला की, मुहूर्त टळतोय!" रंभाजींनी गळ्यातली शिट्टी काढली. ती चाळीस वर्षांत दिवसा कधी उतरली नव्हती. ती त्यांनी गोरक्षनाथ सरांच्या हातात दिली, काखेतली लेझीम हातात घेतली आणि पोरांच्या मधून वाट काढत चालू लागले. पोरं त्यांना जागा देत होती आणि वाकून पायाला हात लावत होती, त्यामुळं छत्तिसाव्या रांगेपर्यंत पोचायला झेंडावंदनापेक्षा जास्त वेळ लागला. पाच हजार चाळीस पांढऱ्या टोप्या, आणि मधोमध एक निळा फेटा. दीपाला वरून ते झेंड्यातल्या पांढऱ्या पट्टीवरच्या चक्रासारखं दिसलं.

शिट्टी झाली. पहिला ठोका. पाच हजार चाळीस उजवे पाय पुढं पडले.

आणि रंभाजींचा डावा.

सगळा जन्म पोरांकडं तोंड करून शिकवलं होतं त्यांनी. पोरांनी उजवा टाकायचा तर समोर उभ्या माणसानं डावा टाकायचा, आरशातल्यासारखा. रांगेत उभं राहून कसं खेळतात ते पायांना माहीतच नव्हतं. ते थाटात डावीकडं गेले आणि शेजारच्या पोराला असे धडकले की त्याची टोपी उडाली. पुढच्या ठोक्याला उजवीकडच्याला. टाकीवर दीपानं डोळे झाकून घेतले, आणि बोटांच्या फटीतून बघत राहिली.

पण या पोरांना एकच गोष्ट शिकवलेली होती: वस्ताद करतील तसं करायचं. फेट्यामागच्या पोरांनी बघितलं, वस्ताद डावीकडं चाललेत. त्यांनी पाय बदलला. त्यांच्या शेजारच्यांनी बदलला, त्यांच्या मागच्यांनी बदलला. सोळाव्या ठोक्याला सगळ्यांनी गर्रकन गिरकी घेतली, पुढच्या पस्तीस रांगांची तोंडं वस्तादांकडं झाली, आणि मग तर विचारूच नका. निळ्या फेट्यापासून चारी बाजूंना पांढऱ्या टोप्यांची लाट फुटत गेली, कडेपर्यंत, चारी कोपऱ्यांपर्यंत, आणि शेवटी मागच्या कोपऱ्यातल्या त्या सातवीतल्या मुलीनं पाय बदलला. सगळा तळ वस्तादांच्या पायावर चालू लागला. दीपा टाकीवर एकटीच नाचत होती. माधुरी मॅडमचा पायही तालात आपटत होता, पण त्यांनी तो कुणाला दिसू दिला नाही.

खाली उतरल्यावर मॅडमनी स्टेजवर बसून फॉर्म भरला. रांगा एकाहत्तर, रांगेत एकाहत्तर, एकूण पाच हजार एक्केचाळीस. मग पेन थांबवून त्या म्हणाल्या, "शेऱ्यात मात्र लिहावं लागेल, की सुरुवातीला एकजण चुकला."

"एकजण?" आबासाहेब खुर्चीतून उठलेच. "मॅडम, चुकले ते पाच हजार चाळीस. सोळा ठोक्यांनंतर सुदारले. तसं लिवा."

मॅडमनी आबासाहेबांकडं पाहिलं, फॉर्मकडं पाहिलं, आणि शेऱ्याची जागा कोरीच ठेवली.

रंभाजी मधल्या त्या जागेवरच बसले होते, फेटा सुटलेला, धुळीनं मिशा पांढऱ्याच्या लाल झालेल्या. पोरं गेली तरी ते उठले नव्हते. दीपा धावत गेली आणि त्यांच्याजवळ मातीत बसली.

"आजा, माझं चुकलं रे. एकाहत्तरपर्यंत मी गेलेच नाही."

"मंग आपलं दोगांचं बी येक येक पाऊल चुकलं." ते खो खो हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

"कसं वाटलं आत?"

रंभाजींनी जरा विचार केला. "रांगंतनं काय बी दिसत न्हाई गं. फुडच्याची पाठ दिसती निस्ती. धूळ नाकात जाती. शेजारचं पोरगं कोपर मारतंय." त्यांनी लेझीम मांडीवर घेतली आणि एकेक चकती बोटानं पुसू लागले. "तरन्या वयात भायेर उभा ऱ्हायलो की वाटायचं, आत काय आसंल. काय बी न्हाई बघ. सगळी मानसंच मानसं, चारी बाजूंनी."

आणि मग त्यांनी तिच्याकडं न बघताच विचारलं, "उद्या हाय का परत?"